नखाखालचं मेंढरू

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख जरा वाढलेलं असतं. हौस म्हणून नाही, धंद्यासाठी. मांडवगण फराट्यात माझं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकावरच्या किडीची. गेली चोवीस वर्षं मी किडे मारून पोट भरतोय, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे या नखानं मारलेत. उरलेले निम्मे बाटल्यांनी मारले असं कंपन्या म्हणतात. म्हणू देत.

धंद्याची रीत अशी. शेतकरी पान घेऊन येतो. खिशात चुरगळलेलं, कधी टोपीत जपून आणलेलं. "आप्पा, बघा वं, काय पडलंय." मी पान उलटं करतो, भिंग लावतो, किडा हुडकतो आणि बोलता बोलता त्याच्यावर नख दाबतो. मग तो हिरवट डाग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं धरतो. "बघा. मावा." झालं. डाग बघितला की माणूस पटतो, पुढं मी देईन ती बाटली मुकाट नेतो. शेतकी खात्याचे साहेब तासभर पडद्यावर चित्रं दाखवतात, तरी लोक जांभया देतात. साहेबांना नख नाही, दुसरं काय!

या काउंटरवरच माझी पोरगी लहानाची मोठी झाली. मला चाळिशी लागली आणि डाळिंबावरचा लाल कोळी दिसेना, तेव्हापासून भिंग तिच्या हातात. स्टुलावर उभी राहून सांगायची, "आप्पा, डावीकडं, शिरेच्या कडंला बघा." पोहायलाही मीच शिकवलं. पाठीला डबा बांधला आणि दिली विहिरीत ढकलून. तिची आई काठावर उभी राहून माझ्या नावानं शिमगा करत होती. पुढं शिरूरच्या कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा मी गावभर पेढे वाटले. त्यात माझा स्वार्थ होता. औषधं विकायला आता डिग्री लागते असा नियम निघालाय आणि मी दहावी, तीही दुसऱ्या दणक्यात. म्हटलं, पोरीची डिग्री भिंतीला टांगू, पोरगी खुर्चीत बसवू, लायसन्सची कटकट कायमची मिटली.

तर पोरीनं डिग्री घेतली आणि ती मालवणच्या बाजूला महिनाभराच्या कोर्सला गेली. पाठीला सिलिंडर लावून समुद्रात बुड्या मारायचा कोर्स. महिना संपला, परीक्षा झाल्या, ती तिकडंच राहिली.

गावात विचारायचे, "करती काय तिकडं?" मी म्हणायचो, "समुद्रावर संशोधन." बरं वाटायचं ऐकायला. पण माझा मेहुणा दौंडला असतो, रेल्वेतून रिटायर झालेला, आणि रिटायर माणसाला दुसऱ्याची अब्रू सांभाळायला वेळ नसतो. त्यानं एका लग्नाच्या पंगतीत खरं सांगून टाकलं. "संशोधन कसलं? लोकांना दर्याच्या तळाला नेती आन् गाळातलं किडं दाखवती. लोकं पैसं देत्यात त्याचं!"

रंगीत माशांचं एक वेळ मी समजू शकतो. पण पैसे देऊन हे किडे बघणारी मंडळीच वेगळी. यांना मोठं काही नको असतं. समोरून कासव आलं तर तोंड फिरवतात. जिथं पाणी गढूळ, तळाला गाळ, जुनी जाळी आणि फुटक्या बाटल्या, तिथं जाऊन पालथे पडतात आणि तासभर एखादी केसाएवढी कोळंबी शोधतात. सापडली की पाण्यातच एकमेकांचे हात दाबतात. मेहुणा म्हणाला, "दाजी, गाळ आन् किडंच बघायचं तर भीमा काय वाईट हाय? दौंडच्या पुलाखाली सोडू की यांना. पुण्यानं वरून जे जे पाठवलंय ते समदं तळाला घावंल." अख्खी पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

दिवाळीला ती आली तेव्हा आमची बोली झाली. तिकडं बुड्यांचा धंदा चालवणाऱ्या मालकानं तिला हंगामापुरतं ठेवलं होतं. फेब्रुवारीत तीन पाहुणे यायचे होते, जगभर फक्त असले बारीक जीव बघत हिंडणारे. ते खूश होऊन गेले तर पुढच्या वर्षीपासून बारीक जिवांच्या सगळ्या सहली तिच्याकडं, कायमची नोकरी. "झालं तर मी तिथंच राहणार, आप्पा. आन् न्हाई झालं तर जूनमधी येऊन दुकानात बसते. पुन्हा तोंड उघडायची न्हाई." मी म्हटलं, "कबूल." मनात म्हटलं, होतंय कशाला.

जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं लॉटरी लागली. "आप्पा, मला मेंढरू घावलं!"

ते मेंढरू म्हणजे बिनशंखाची एक गोगलगाय, तांदळाच्या दाण्याहून लहान. अंगावर लोकरीच्या जागी हिरवी पानं, तोंड हुबेहूब मेंढराचं, दोन काळे टिकल्यांसारखे डोळे आणि वर दोन शिंगं. पाण्याखाली उगवलेल्या एका पानावर दिवसभर चरत बसायचं आणि पान खाऊन खाऊन स्वतःच हिरवं व्हायचं. त्या भागात आधी कुणाला दिसलेलं नव्हतं. हिनं हुडकलं. एकच होतं. नऊ दिवस ती रोज खाली जाऊन बघून येत होती, तेच पान, तेच मेंढरू. पाहुण्यांना दाखवायचं ठरलेलं ते हेच.

आमच्या आज्याच्या मागं मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचा. बापानं कळप विकला आणि विहीर पाडली, तेव्हापासून आम्ही बागायतदार. पोरीला हे सगळं ऐकून पाठ होतं. म्हणाली, "तुम्ही या आप्पा. पाहुण्यांच्या आधी तुम्हाला दाखवणार. आपल्या घरात पुन्हा मेंढरू आलंय."

मी आणि मेहुणा गेलो. तिची आई आली नाही. म्हणाली, "तुम्ही भांडणार, मी रडणार, एका गाडीत दोन्ही कशाला?"

पाहुणे आमच्या आधीच पोचले होते. बंगळूरचे एक रिटायर डॉक्टर, त्यांची बायको आणि एक उंच गोरी बाई. तिघांचे कॅमेरे आमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाएवढे, वर दोन्ही बाजूंना दिव्यांचे हात. चहाला बसलो तर त्यांच्या गप्पा सुरू. डॉक्टर एका परदेशी खाडीत आठ दिवस गाळात लोळून आले होते. बाई म्हणाली, मी एकदा गोगलगाईचा फोटो काढत होते आणि माझ्या मागून देवमासा गेला, तो मला नंतर दुसऱ्यांनी सांगितला. यावर तिघंही अशा माना डोलावत होते की जणू मोठं पुण्य केलं. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी खाकरलो. तेवढ्यात पोरगी इंग्रजीत म्हणाली, माझे वडील किड्यांचे जाणकार आहेत.

तिघंही उभे राहिले. उभे! माझ्याशी हात मिळवला. मेहुण्याच्या नाकात चहा गेला. डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, तुमचा सगळ्यात आवडता किडा कोणता? चोवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "फुलकिडा." खोटं नव्हतं ते. कांद्यावरच्या फुलकिड्यावर माझं घर चालतं.

पाहुण्यांची बुडी दुपारी होती. माझी सकाळी. आदल्या दिवशी तिनं कमरेएवढ्या पाण्यात माझ्याकडून सगळं घटवून घेतलं होतं. श्वास तोंडानं घ्यायचा, रोखायचा नाही. सगळं ठीक असलं तर बोटांचा गोल करायचा. अंगठा दाखवायचा नाही, कारण अंगठा म्हणजे वर चला. आणि कशालाही हात लावायचा नाही. हे तिनं तीनदा सांगितलं. वर एक छापील कागदही होता, तो मी वाचून सही केली. वाचून म्हणजे, सही केली.

उगाच मोठेपणा सांगत नाही, पण मी खाली घाबरलो नाही. उभ्या जन्मात विहिरीच्या तळाला जाऊन मोटरच्या पायपात अडकलेला पालापाचोळा मी किती वेळा काढलाय. इथं तर वर पोरगी हात धरून. दोन पुरुष खोल पाणी, खाली राखाडी गाळ. आधी मला काहीच दिसेना. मग डोळे बसले, आणि काय सांगू, मला एकामागून एक दिसायला लागलं! वाळूत फक्त डोळे बाहेर काढून बसलेला खेकडा मी तिच्या आधी बघितला. एका दोरीला दोरीच्याच रंगाचा किडा चिकटला होता, तोही मी बघितला. पोरगी माझ्याकडं वळली आणि मास्कच्या काचेमागं तिचे डोळे हसले. दोन वर्षांत ती माझ्याकडं बघून हसली नव्हती. मला इतका आनंद झाला की नळी तोंडातून सुटायची बाकी होती.

मग तिनं मला त्या पानापाशी नेलं. तळहाताएवढं गर्द हिरवं पान, गाळातून वर आलेलं. तिनं कमरेचं भिंग सोडून माझ्या हातात दिलं. माझंच जुनं भिंग होतं ते, दुकानातलं, मूठ तुटलेलं. मी भिंग लावलं. पानाच्या कडेला, शिरेच्या डाव्या बाजूला, ते बसलं होतं. ते तोंड, त्या टिकल्या. शपथेवर सांगतो, ते चरत होतं.

आणि मी नख दाबलं.

का, ते विचारू नका. मी काही ठरवलं नव्हतं. पान होतं, भिंग होतं, किडा होता आणि शेजारी बघणारं माणूस होतं. पुढचं हातानं केलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी रीतीप्रमाणं तो अंगठा उचलला आणि पोरीच्या डोळ्यांपुढं धरला. बघा, म्हणून! नखावरचा हिरवा डाग पाण्यात धुरासारखा सुटला आणि दिसेनासा झाला. तिनं एकदा अंगठ्याकडं बघितलं, एकदा पानाकडं. मग माझा दंड धरून ती मला वर घेऊन आली. अंगठ्याचा तिथं तोच अर्थ होता.

होडीत बसल्यावर तिनं माझं सिलिंडर काढलं, पट्टे सोडले, टॉवेल दिला. सगळं शिस्तीत. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, खरं सांगा. मुद्दाम केलं?"

मी शांतपणे नाही म्हणायला हवं होतं. पण माझं डोकं हे असं. मी ओरडलो, "बाप हाय का कसाई हाय मी? मुद्दाम करीन?" होडीवाला दचकला. चोर जसा मोठ्यानं बोलतो तसा मी बोललो, आणि ते माझं मलाच ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं." तिची आई खोटं पकडल्यावर असंच बरं म्हणते.

दुपारी पाहुणे खाली गेले आणि तासाभरानं वर आले. गोऱ्या बाईनं विचारलं, मेंढरू कुठं आहे? मी टॉवेल गुंडाळून तिथंच उभा होतो, किड्यांचा जाणकार. पोरगी म्हणाली, काल होतं, रात्रीतून प्रवाहानं गेलं असेल. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर सभ्य माणूस, म्हणाले, निसर्ग आहे, चालायचंच. पण तिघंही लांबून येऊन त्या एका दाण्याची आस लावून बसले होते आणि त्यांची तोंडं उतरली होती. चार दिवस ते रोज त्याच पानापाशी गेले. मला एवढी लाज जन्मात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. पुढच्या हंगामाच्या सहली मालकानं गोव्याच्या एका माणसाला दिल्या.

परतताना गाडीत मी मेहुण्याला सगळं सांगितलं. घाट चढून वर आलो तशी त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "दाजी, मानलं बुवा तुम्हाला. आवाज न्हाई, भांडण न्हाई, एका नखात पोरगी घरी! लई डोकं लावलं."

"मुद्दाम न्हाई केलं रं."

"व्हय व्हय," तो म्हणाला आणि डोळा मारला.

त्यानं ते अर्थातच सगळीकडं सांगितलं. दौंडपासून शिरूरपर्यंत नातेवाईक मला शाबासकी द्यायला लागले. एकानं तर माझा सल्ला मागितला, त्याचा पोरगा सिनेमाच्या नादानं मुंबईला गेला होता. बायकोनं मला काही विचारलं नाही. तिनं ताट वाढायचं आणि शेजारी बसायचं नाही, एवढंच केलं.

जूनमध्ये पोरगी आली. बोलल्याप्रमाणं. डिग्री भिंतीला लागली, लायसन्सचं काम झालं, ती खुर्चीत बसली. मला पाहिजे होतं ते सगळं सगळं मिळालं, आणि दुकानात माझा जीव घुसमटायला लागला. ती कामाला चोख. बिलं वेळेवर, बाटल्यांच्या तारखा तपासलेल्या. माझ्याशी बोलणं म्हणजे "हां आप्पा" आणि "न्हाई आप्पा". गिऱ्हाइकाचं पान आलं की ती भिंग गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायची आणि म्हणायची, "बघा, तुमचं तुम्हीच." नख ती लावायची नाही. लोक वैतागायचे. निमोण्याचा एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, पोरगी हुशार हाय तुमची, पर किडा मारून दावत न्हाई. भरवसा कसा ठेवायचा?"

जुलैत एकदा तोच माणूस वांग्याचं पान घेऊन आला. दुकानात आम्ही तिघंच. त्याच्यापुढं विषय काढायला नको होता, पण महिनाभराचं साठलेलं माझ्याच्यानं धरवेना. मी तिला म्हटलं, "तू काय समजती मला? सख्ख्या पोरीच्या पोटावर पाय देणारा वाटतो व्हय मी? देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम न्हाई केलं. माझं मला कळलंसुदिक न्हाई!" आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं, मी बोलतच होतो. आणि ती माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होती.

"आप्पा," ती म्हणाली, "हात बघा तुमचा."

मी बघितलं. डाव्या हातात वांग्याचं पान, उलटं केलेलं. उजव्या हाताचा अंगठा तिच्या नाकापुढं, आणि नखावर हिरवा डाग. निमोणेकराच्या हातातलं पान मी कधी घेतलं, किडा कधी हुडकला, कधी दाबला, मला पत्ता नव्हता. शपथ घेता घेता मी मावा मारला होता.

"हां, आत्ता कसं!" निमोणेकर खूश होऊन म्हणाला. "द्या बाटली."

पोरगी हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग काउंटरवर डोकं टेकून. हसता हसता रडली. "तुम्हाला खरंच कळत न्हाई आप्पा," ती म्हणत होती, "तुम्हाला खरंच कळत न्हाई." मीही रडलो, सांगायला लाज कसली. निमोणेकर दोन बाटल्या घेऊन गडबडीनं निघून गेला.

ऑक्टोबरात मीच तिला गाडीत बसवून आलो. कायमची नोकरी वगैरे काही नाही. गोव्याच्या माणसाच्या हाताखाली मदतनीस, सिलिंडर उचलायला. म्हणाली, "हुडकीन पुन्हा. एक होतं म्हंजी अजून असतील." लायसन्सचं आता माझं मला निस्तरायचंय. दुकानदारांसाठी एक डिप्लोमा निघालाय, दर रविवारी शिरूरला वर्ग असतो. मी शेवटच्या बाकावर बसतो. परवा किडीचं जीवनचक्र शिकवलं. अंडी, अळी, कोष. चोवीस वर्षांत मी ते कधी पुरतं होऊच दिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मी एकच विचारतो, "घावलं का?" अजून नाही.

जाताना ती तिच्या मेंढराचा फोटो दुकानात ठेवून गेली. तिला वाटलं कुठंतरी कोपऱ्यात राहील, पण मी तो भिंतीवर लावला, आणि जागा होती ती किडींच्या तक्त्यांच्या मधेच. एका बाजूला लष्करी अळी, दुसऱ्या बाजूला पिठ्या ढेकूण, आणि मधे ते, पानावर चरताना, टिकल्यांसारखे डोळे वर करून.

गेल्या आठवड्यात पाबळकडचा एक नवा शेतकरी आला होता. सगळे तक्ते बघत बघत तो तिथं थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"आप्पा, ही कसली कीड म्हणायची? हिला काय मारायचं?"

"हिला औषध न्हाई," मी म्हटलं. "ती मी नखानं मारलीय."

"समदी? म्हंजी पसरली न्हाई," तो समाधानानं म्हणाला. "बरं झालं."

"न्हाई पसरली," मी म्हटलं. "एकच होती."